१२ व्होल्टच्या बॅटरीवरून २४ व्होल्ट : यूसी ३८४३ घेऊन पहिलं स्विचिंग सर्किट

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपचं पॅनेल उघडा. पीएलसी (मशीनचा क्रम चालवणारा कंट्रोलर), प्रॉक्सिमिटी सेन्सर, रिले, सोलेनॉइड व्हॉल्व्ह असं निम्म्याहून अधिक सामान २४ व्होल्ट डीसीवर चालतं. लाइट गेली की हे सगळं एकदम बसतं, आणि आली की मशीन ‘होम’ला आणण्यापासून सुरुवात. बॅकअपला मात्र हाताशी असते ती १२ व्होल्टचीच बॅटरी. १२ चे २४ करणारा तयार बोर्ड बाजारात मिळतो, पण स्विचिंग सप्लाय (वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारं सर्किट) शिकायचा असेल तर हेच सर्किट स्वतः बांधण्याइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही. २३० व्होल्ट एसी डायरेक्ट रेक्टिफाय केलं की ३२५ व्होल्ट डीसी हातात येतं. नवख्या माणसाने त्या वाटेला आधी जाऊच नये. बॅटरीवरचं सर्किट चुकलं तर मॉस्फेट, म्हणजे स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर, जळेल; माणूस नाही.

आपलं माप असं: इनपुट १०.५ ते १४.४ व्होल्ट, आउटपुट २४ व्होल्ट, १ अँपिअर. सांगली-मिरजेत डिप्लोमा किंवा डिग्रीचा प्रोजेक्ट करणाऱ्यांना आणि पॅनेलवाल्या वायरमनला, दोघांनाही झेपेल असं.

चिप निवडताना दुकानदारावर सोडू नका

यूसी ३८४२, ४३, ४४, ४५ ही चार भावंडं, मॉस्फेटला चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलर चिप. मूळ युनिट्रोड कंपनीची. ती १९९९ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, आणि आज हीच चिप अनेक कंपन्या बनवतात. चौघांचे आठ पाय सारखे, आकार सारखा. दुकानात ‘४३ नाही, ४२ चालेल का? एकच आहे’ असं ऐकू येतं. एकच नाही.

३८४२ आणि ३८४४ चालू व्हायला १६ व्होल्ट लागतात आणि १० व्होल्टला त्या बंद पडतात. ३८४३ आणि ३८४५ मात्र ८.४ व्होल्टला चालू होतात, ७.६ ला बंद. म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर ४२ आणि ४४ कधी जागच्याच होणार नाहीत. दुसरा फरक ड्यूटीचा, म्हणजे दर फेरीत मॉस्फेट किती टक्के वेळ चालू राहतो त्याचा. ४४ आणि ४५ मॉस्फेटला अर्ध्या वेळेपेक्षा जास्त चालू ठेवू शकत नाहीत. ४२ आणि ४३ जवळजवळ पूर्ण वेळ ठेवू शकतात. आपल्याला बॅटरी १०.५ ला उतरलेली असताना २४ काढायचे आहेत. डायोडचा अर्धा व्होल्ट धरून हिशेब: १०.५ भागिले २४.५ म्हणजे ०.४३, तो १ मधून वजा केला की ०.५७. सत्तावन्न टक्के ड्यूटी लागते, म्हणून ४५ सुद्धा बाद. उरते फक्त ३८४३.

जुन्या बोर्डावरून काढलेली, नंबर पुसलेली चिप हाती आली तर हीच दोन मापं तिची ओळख पटवतात. सप्लाय हळूहळू वाढवत न्या, ८.४ च्या आसपास ८ नंबरच्या पायावर ५ व्होल्ट आले तर ४३ किंवा ४५. मग ६ नंबरच्या पायावरची फ्रिक्वेन्सी मोजा. ठरवलेली पूर्ण आली तर ४३, बरोबर निम्मी आली तर ४५. नंबर बदलून छापलेल्या चिपही यात पकडल्या जातात.

पॅनेल भट्टीशेजारी किंवा पत्र्याच्या शेडमध्ये असेल तर आणखी एक गोष्ट. यूसी ३८४३ ला कंपनीने ० ते ७० अंश सेल्सिअसची मर्यादा दिली आहे. यूसी २८४३ हीच चिप उणे ४० ते ८५ अंशांसाठी आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंश असताना बंद पेटीत काय होत असेल हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

फ्रिक्वेन्सी : १०० किलोहर्ट्‌झ पुरे

ही चिप ५०० किलोहर्ट्‌झपर्यंत जाते. तिच्या पुढचा यूसी ३८२५ सारखा माल १ मेगाहर्ट्‌झपर्यंत. फ्रिक्वेन्सी वाढवली की कॉइल आणि कपॅसिटर लहान होतात हे खरं, पण त्याची किंमत मोजावी लागते. मॉस्फेट चालू-बंद होताना थोडा वेळ त्याच्यावर व्होल्टेजही असतं आणि त्यातून करंटही जात असतो. दोन्ही वेळा मिळून १०० नॅनोसेकंद धरले, तर २४.५ व्होल्ट आणि २.६ अँपिअरला १०० किलोहर्ट्‌झवर साधारण ०.३ वॅट जातात. तेच ५०० वर १.६ वॅट. शिवाय कोर तापतो तो वेगळाच, आणि ट्रॅकची एकेक सेंटिमीटर लांबी त्रास द्यायला लागते. पहिल्या सर्किटला १०० च्या वर जाऊ नका.

फ्रिक्वेन्सी ठरते ४ नंबरच्या पायावर. ८ नंबरवरून, म्हणजे ५ व्होल्ट रेफरन्सवरून, ४ ला एक रेझिस्टर. ४ वरून ग्राउंडला एक कपॅसिटर. सूत्र: १.७२ भागिले (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर). १८ किलोओहम आणि १ नॅनोफॅरड घेतले की ९५.६ किलोहर्ट्‌झ येतात. चालेल. हा कपॅसिटर पॉलिएस्टर किंवा चांगल्या दर्जाचा घ्या. साधी सिरॅमिक चकती गरम झाली की फ्रिक्वेन्सी सरकते.

कॉइल : सगळा जीव इथे आहे

आपलं हे बूस्ट, म्हणजे व्होल्टेज चढवणारं सर्किट. त्याचं काम थोडक्यात असं. मॉस्फेट चालू असताना बॅटरी कॉइलमध्ये करंट वाढवते. मॉस्फेट बंद झाला की कॉइल तो करंट सोडायला तयार नसते. तिचं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळून डायोडमधून आउटपुटला जातं.

आउटपुट २४ वॅट. एफिशियन्सी ८८ टक्के धरा, म्हणजे इनपुट सुमारे २७ वॅट, १०.५ व्होल्टला २.६ अँपिअर. या सरासरीच्या वर-खाली मिळून साधारण ०.९ अँपिअरची रिपल, म्हणजे चढउतार, ठेवायची. मॉस्फेट चालू राहतो सुमारे ६ मायक्रोसेकंद. १०.५ गुणिले ६ भागिले ०.९ केले की ७० मायक्रोहेन्री येतात. ६८ धरून चला. करंटचं शिखर जाईल ३.१ अँपिअरला.

आता कॉइल कुठून आणायची? बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये पिवळी रिंग असते, तिची एक बाजू पांढरी. ती लोखंडाच्या भुकटीची रिंग आपल्याला हवी तशीच. हिरव्या रंगाची, इनपुट फिल्टरमधली फेराइट रिंग घेऊ नका. तिच्यात गॅप नसतो, थोड्या डीसी करंटला ती सॅच्युरेट होते, म्हणजे चुंबकत्वाने भरून जाते, आणि कॉइल म्हणून तिचा उपयोग संपतो. जुनी तार उतरवून टाका. नवीन तार मिळते शेतीपंपांची मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या दुकानात. सांगली, मिरज, तासगाव, पलूस कुठेही जा, इनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते. २२ गेजच्या दोन तारा जोडीने घ्या. एक जाड तार गुंडाळायला हट्टी असते.

वेढे किती? रिंगवर आधी १० वेढे घाला आणि एलसीआर मीटरवर मोजा. मीटर नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. २७ मिलिमीटर व्यासाच्या टी-१०६ मापाच्या, २६ नंबर मटेरियलच्या रिंगवर १० वेढ्यांना ९.३ मायक्रोहेन्री येतात. ६८ भागिले ९.३ म्हणजे ७.३; त्याचं वर्गमूळ २.७. म्हणून २७ वेढे. पूर्ण करंटला इंडक्टन्स थोडा उतरतो, तेव्हा एक-दोन वेढे जास्त गेले तर बिघडत नाही. वेढे रिंगभर सारखे पसरा, एकावर एक चढवू नका, आणि टोकांचं इनॅमल ब्लेडने नीट खरवडून मगच सोल्डर लावा. वरून चकाकणारा पण आतून न पकडलेला जोड इथे नेहमी सापडतो.

मॉस्फेट, डायोड, कपॅसिटर

यात फार डोकं चालवू नका. मॉस्फेट आयआरएफझेड ४४एन: ५५ व्होल्ट, सगळीकडे मिळतो. गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, सिरीजमध्ये १० ओहम. ड्रेनवर २४.५ आणि वरचे स्पाइक, एवढ्याला ५५ पुरतात. डायोड शॉट्‌की, एसबी ५६०. घरात १एन ४००७ पडलेले असतात म्हणून ते लावायचा मोह होतो. तो डायोड ५० हर्ट्‌झचा, १०० किलोहर्ट्‌झला वेळेत बंदच होत नाही आणि क्षणात तापतो.

आउटपुटला २२० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे दोन लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले), १०५ अंशांचे. बूस्टमध्ये आउटपुट कपॅसिटरला सतत झटके बसतात: १ अँपिअर लोडला सुमारे १.१५ अँपिअर रिपल करंट. साधा कपॅसिटर यात फुगतो. इनपुटला ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. बॅटरीच्या वायरवर ५ अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीजवळ.

करंट मोजणारा पाय आणि स्लोप

३ नंबरचा पाय करंट बघतो. त्यावर १ व्होल्ट आला की चिप त्या फेरीपुरता मॉस्फेट बंद करते. मॉस्फेटचा सोर्स आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.२ ओहम लावायचे. त्यासाठी १ ओहमचे, अर्ध्या वॅटचे पाच मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडा. पांढरा सिमेंटचा वायरवाउंड रेझिस्टर नको. तो आतून कॉइलच असतो. ३ नंबरला खोटे स्पाइक देतो आणि चिप अवेळी बंद होत राहते.

या रेझिस्टरवरून ३ नंबरला १ किलोओहम, आणि ३ वरून ग्राउंडला ४७० पिकोफॅरड. मॉस्फेट चालू होतानाचा टोकदार स्पाइक यात विरतो.

आता नवख्यांचं सर्किट जिथे अडतं ती जागा. ड्यूटी ५० टक्क्यांच्या वर गेली की अशा करंट-मोड, म्हणजे दर फेरीत करंट बघून मॉस्फेट बंद करणाऱ्या, चिपचे पल्स एक रुंद, एक अरुंद असे येऊ लागतात. आउटपुट मल्टिमीटरवर बरोबर २४ दिसतं, पण कॉइल शिट्टी मारते आणि रिपल वाढते. कारण असं: एका फेरीत करंटमध्ये किंचित फरक पडला तर पुढच्या फेरीत तो कमी न होता वाढतो. उपाय म्हणजे करंटच्या सिग्नलमध्ये चढता रॅम्प मिसळणे, ज्याला स्लोप कॉम्पेन्सेशन म्हणतात. तो रॅम्प चिपकडे तयारच आहे, ४ नंबरच्या पायावर. एक बीसी ५४७ घ्या: कलेक्टर ८ नंबरला, बेस ४ नंबरला, एमिटरवरून ४.७ किलोओहम थेट ३ नंबरला. झालं.

हिशेब पाहायचा असेल तर: मॉस्फेट बंद असताना कॉइलचा करंट उतरतो १४ भागिले ६८, म्हणजे मायक्रोसेकंदाला ०.२ अँपिअर. ०.२ ओहमवर तो ०.०४ व्होल्ट. त्याच्या निम्म्याहून जास्त उताराचा रॅम्प मिसळला पाहिजे. ४.७ आणि १ किलोओहमच्या जोडीतून सुमारे ०.०३ मिळतो, पुरेसा आहे. ही सगळी बेरीज धरून करंटची मर्यादा ४ ते ५ अँपिअरच्या आसपास पडते. आउटपुट थेट शॉर्ट झालं नाही तर, लोड वाढला तरी कॉइल यापुढे जाणार नाही. आधी ४५ ड्यूटीसाठी बाद केली ती इथे मोहात पाडते, कारण अर्ध्याच्या आत राहिल्याने तिला हा त्रास होत नाही. पण १०.५ व्होल्टवरून २४ काढायचे असतील तर तो मार्ग बंद आहे.

फीडबॅक

२ नंबरचा पाय २.५ व्होल्टवर स्थिर राहायला बघतो. आउटपुटवरून २ ला ३९ आणि १.५ किलोओहम सिरीजमध्ये, २ वरून ग्राउंडला ४.७ किलोओहम: आउटपुट २४.०४ व्होल्ट. पाय १ आणि २ यांच्यामध्ये १५० किलोओहम आणि १० नॅनोफॅरड सिरीजमध्ये. त्या जोडीला समांतर १०० पिकोफॅरड.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. बूस्टची एक खोड आहे: लोड अचानक वाढला आणि चिपने ड्यूटी वाढवली, की पहिल्या क्षणी आउटपुट आणखी खालीच जातं, कारण मॉस्फेट जास्त वेळ चालू राहिला म्हणजे डायोडमधून जाणं तेवढं कमी झालं. आपल्या मापांना ही खोड १० किलोहर्ट्‌झच्या आसपास डोकं वर काढते. म्हणून फीडबॅकचा लूप मुद्दाम १ किलोहर्ट्‌झच्या आसपास सुस्त ठेवला आहे. कपॅसिटर बदलून ‘फास्ट’ करायला जाल तर आउटपुट डोलायला लागेल.

फीडबॅकच्या वरच्या रेझिस्टरचा जोड सुटला तर काय होईल, याचा विचार आधीच करा. २ नंबरला शून्य दिसतं, चिपला वाटतं आउटपुटच नाही, आणि ती पूर्ण जोराने चढवत राहते. कपॅसिटर फुटतो, पलीकडचा पीएलसीही जातो. आउटपुटवर १.५केई ३०ए हा टीव्हीएस डायोड, म्हणजे जादा व्होल्टेज गिळणारा डायोड, लावा. असा प्रसंग आलाच तर तो तापून शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. पीएलसीच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

मांडणी

ब्रेडबोर्डवर हे सर्किट चालत नाही. झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या, सोल्डर करायच्या बोर्डावर) चालेल, पण करंटचे मार्ग जाड तारेने आणि आखूड. मॉस्फेट, डायोड, आउटपुट कपॅसिटर, ०.२ ओहम आणि परत मॉस्फेट हा वर्तुळाकार रस्ता अंगठ्याच्या पेराएवढा लहान व्हायला हवा. सगळे झटके इथेच असतात. त्याच वर्तुळात आउटपुट कपॅसिटरला समांतर १ मायक्रोफॅरड सिरॅमिक लावा.

ग्राउंड दोन समजा. एक गोंगाटाचा: ०.२ ओहमचं खालचं टोक, इनपुट आणि आउटपुट कपॅसिटर. दुसरा शांत: चिपचा पाय ५, टायमिंगचा १ नॅनोफॅरड, ३ नंबरचा ४७० पिकोफॅरड, फीडबॅकचा ४.७ किलोओहम. दोघे एकाच ठिकाणी भेटतील, ०.२ ओहमच्या खालच्या टोकाशी. ८ नंबरला ०.१ मायक्रोफॅरड आणि ७ नंबरला ०.१ सोबत ४७ मायक्रोफॅरड, दोन्ही चिपला चिकटून. ७ ला सप्लाय बॅटरीवरून १० ओहममधून द्या. ६ वरून गेटला जाणारी तार जेवढी आखूड तेवढी बरी.

चालू करण्याचा क्रम

थेट बॅटरी जोडू नका. आधी मॉस्फेट न लावता फक्त चिपला करंट लिमिट असलेल्या बेंच सप्लायवरून वीज द्या. ८.४ ला ८ नंबरवर ५ व्होल्ट येतात का, खाली आणताना ७.६ च्या आसपास जातात का, ते बघा. ६ नंबरवर ९५ किलोहर्ट्‌झच्या आसपासचे रुंद पल्स दिसतील. ऑसिलोस्कोप नसेल तर फ्रिक्वेन्सी मोजणारा मल्टिमीटर चालतो.

मग मॉस्फेट आणि कॉइल लावा, पण बॅटरीच्या सिरीजमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा ठेवा. आउटपुटला २२० ओहम, ५ वॅट. कुठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटेल आणि सर्किट वाचेल. सगळं ठीक असेल तर दिवा मंद आणि आउटपुट २४. चिप काढून ठेवली तरी आउटपुटवर ११-१२ व्होल्ट दिसतात, कारण कॉइल आणि डायोडमधून बॅटरी सरळ पलीकडे जाते. म्हणजे आउटपुट शॉर्ट झालं तर चिप काही करू शकत नाही. तिथे फक्त फ्यूजच.

दिवा काढा, लोड हळूहळू वाढवा. ट्रकचा २४ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा छान लोड आहे, ऑटो इलेक्ट्रिकलवाल्याकडे मिळतो, पण थंड असताना तो खूप करंट ओढतो. म्हणून आधी रेझिस्टर, मग दिवा. स्कोप ०.२ ओहमवर लावा. सरळ चढणारी तिरपी रेघ दिसली पाहिजे. रेघ शेवटी एकदम वर वळत असेल तर कॉइल सॅच्युरेट होते आहे. रिंग मोठी घ्या. पल्स एकाआड एक असतील तर बीसी ५४७ चे पाय तपासा, बहुतेक वेळा कलेक्टर आणि एमिटर उलटे लागलेले असतात.

पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा. मॉस्फेटला छोटं हीटसिंक, डायोडच्या पायांना जास्त तांबं. कॉइल कोमट होणारच; बोट ठेवता येत नसेल तर वेढे किंवा रिंग चुकली आहे. आउटपुट कपॅसिटर डायोडच्या अगदी शेजारी असतो आणि त्याच्यामुळे तापतो, त्याला त्यातल्या त्यात वाऱ्याकडे ठेवा. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं.

पॅनेलमध्ये जोडताना मुख्य २४ व्होल्टचा सप्लाय आणि हे सर्किट, दोन्हींच्या आउटपुटला एकेक शॉट्‌की डायोड लावून पुढे एकत्र आणा. मुख्य सप्लायवरचा छोटा प्रीसेट फिरवून तो २४.५ ते २५ वर ठेवा, म्हणजे लाइट असताना बॅटरी खर्च होणार नाही. चिप ७.६ व्होल्टपर्यंत चालत राहते, पण लेड-अॅसिड बॅटरी १०.५ च्या खाली उतरवली की खराब होते. तेव्हा वेगळा लो-व्होल्टेज कटऑफ लागेलच. आणि सर्किटचा कागद, त्यावर चिपचा पूर्ण नंबर, रिंगचं माप आणि वेढे लिहून, पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. दोन वर्षांनी रात्रपाळीला दुरुस्तीला कोण येईल आणि ४३ च्या जागी ४२ लावेल, सांगता येत नाही.